धुराचा ताळेबंद

पवनारच्या धाम नदीकाठी विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला, तेव्हा आश्रमवासी शेतीचे पाणी स्वतः रहाट ओढून काढीत. जवळच वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याआधीच बजावले होते की, कोळसा व खनिज तेल हे सरणारे साठे आहेत. त्यांवर चिरस्थायी अर्थव्यवस्था उभी राहू शकत नाही. रहाटाकडे परतणे आज शक्य नाही. परंतु त्या विचारामागील हिशेबाचा प्रश्न टळलेला नाही.

हा हिशेब रसायनशास्त्र चोख ठेवते. ज्वलनात वस्तू नाहीशी होत नाही, केवळ रूप पालटते. कार्बनचे १२ भाग प्राणवायूच्या ३२ भागांशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग होतात. शंभर किलो कोळशात चाळीस किलो कार्बन धरला, तर तो पूर्ण जळून सुमारे १४७ किलो वायू होतो; म्हणजे जाळलेल्या कोळशाहून हा एक वायूच वजनाने अधिक! शिवाय भारतीय कोळशात पुष्कळदा ३० ते ४० टक्के राख असते. गंधक अल्प असले, तरी त्याचा सल्फर डायऑक्साइड होतोच. भट्टीच्या प्रखर उष्णतेत नत्रही प्राणवायूशी जोडला जातो. या दोन वायूंपासून पुढे हवेत सूक्ष्म कण बनतात आणि ते फुफ्फुसांत खोलवर शिरतात.

वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या आधाराने चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. त्याचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. वीज साऱ्या राज्याला मिळते; राख मात्र चंद्रपूरच्या पदरी पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरची गणना केली.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली. तिची मुदत वारंवार वाढविण्यात आली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आणि यंत्रणेच्या खर्चाने वीज महागेल, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु वीजबिलात न दिसणारा खर्च नाहीसा होत नाही. तो दवाखान्याच्या बिलात आणि बुडालेल्या मजुरीत उमटतो, आणि तो भरणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. धूर धुराड्यातून सुटला म्हणजे हिशेब मिटला, असे रसायनशास्त्र मानीत नाही. अर्थशास्त्रानेही मानू नये.