सहवास (लेखांक ६) : करड्या खारीचे काय करायचे?

गेल्या लेखांकात शहरातल्या कबुतरांबद्दल बोलताना सगळा प्रश्न माणसाच्या हातातल्या दाण्याशी येऊन थांबला होता. या वेळचा प्रश्न त्याहून अवघड आहे. एका प्राण्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारावे का, आणि मारायचेच तर किती काळ? याची चर्चा करायला ब्रिटन आणि इटलीतल्या करड्या खारीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. दीडशे वर्षांची नोंद हाताशी आहे, फसलेले प्रयत्न आहेत, साधलेलेही आहेत, आणि हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. या सगळ्यातून माझे जे मत झाले ते आधीच सांगून टाकतो. बाहेरून आलेल्या प्राण्याला मारण्याचे समर्थन फक्त तिथेच करता येते, जिथे ते मारणे एक दिवस थांबणार आहे. जिथे ते कधीच थांबणार नाही, तिथे वर्षानुवर्षे पिंजरे लावत राहण्याने प्राणी मरतात आणि साधत मात्र काहीच नाही.

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतली. ब्रिटनमध्ये ती सोडल्याची पहिली खात्रीलायक नोंद १८७६ सालची, चेशर परगण्यातल्या हेन्बरी पार्कची. थॉमस ब्रॉकलहर्स्ट नावाच्या धनिकाने आपल्या जमिनीवर शोभेसाठी ती सोडली. त्यानंतर बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्न इथल्या आपल्या जमीनदारीतून खारी ठिकठिकाणी पाठवल्या. आयर्लंडमध्ये ती पोचली १९११ मध्ये, लाँगफर्ड परगण्यातल्या एका लग्नात भेट म्हणून. यातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि पुढे काय होईल याची कल्पनाही कोणाला नव्हती. १९३७ मध्ये करडी खार आणण्यावर आणि पाळण्यावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली, तेव्हा ती रानोमाळ झाली होती. आज ब्रिटनमध्ये सुमारे २७ लाख करड्या खारी असाव्यात असा अंदाज आहे. मूळच्या तांबड्या खारी तीन लाखांच्या आत उरल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये आहेत. इंग्लंडच्या मोठ्या भागात आज जन्मलेल्या मुलाला तांबडी खार चित्रातच पाहावी लागते.

करडी खार तांबडीला मारून हुसकावते, असा एक सर्रास समज आहे. तसे घडत नाही. करडीचे वजन तांबडीच्या जवळजवळ दुप्पट, पाचशे-सहाशे ग्रॅम. ओकची कच्ची फळे तिला पचतात, तांबडीला ती नीट पचत नाहीत. त्यामुळे रुंद पानांच्या झाडांच्या रानात फळे पिकायच्या आतच करडीने त्यांचा मोठा भाग संपवलेला असतो. तांबडी उपाशी मरते असेही नाही, पण तिची पिल्ले कमी जगतात, आणि काही वर्षांत रान करड्या खारींचे होऊन जाते. याच्या जोडीला स्क्विरलपॉक्स हा विषाणू आहे. करडी तो अंगात बाळगते आणि सहसा तिला काही होत नाही. तांबडीला लागण झाली की डोळ्यांभोवती, ओठांवर, पंजांच्या बोटांमध्ये फोड येतात आणि त्यांवर खपल्या धरतात. डोळे चिकटतात, फळ हातात धरता येत नाही, आणि दोनेक आठवड्यांत भुकेने आणि तहानेने ती मरते. २००८ मध्ये लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्मबीच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानात ही साथ आली, तेव्हा तिथल्या तांबड्या खारींपैकी पाचातल्या चार गेल्या. करड्या खारीवर दया दाखवा असे सांगणाऱ्यांनी या मरणाचाही हिशेब मांडायला हवा. कोणी पिंजरा लावला नाही तरी मरण चालूच राहते, फक्त ते दिसत नाही.

याचा अर्थ दिसेल ती करडी खार मारावी असा कोणी काढला, तर त्याचे उत्तर १९५० च्या दशकात मिळून गेले आहे. १९५३ पासून ब्रिटिश सरकारने शेपटीमागे एक शिलिंग बक्षीस ठेवले, पुढे ते दोन शिलिंग केले. शेपट्यांचे ढीग जमले, पैसा गेला, आणि १९५८ मध्ये योजना गुंडाळावी लागली, कारण करड्या खारीचा पसारा कमी झाला नव्हता. कारण समजायला सोपे आहे. लोकांनी खारी मारल्या त्या जिथे मारणे सोपे होते तिथे. एक रान रिकामे झाले की शेजारच्या रानातली तरणी पिल्ले तिथे येऊन घर करत. करडी खार वर्षातून दोनदा विते. फळांचे वर्ष चांगले असेल तर झालेली तूट वर्षभरात भरून निघते. शिवाय ज्याला शेपटीचे पैसे मिळतात त्याला खारी संपवण्यात रस असण्याचे कारण नाही. देशभर विखरून केलेल्या अशा शिकारीतून मेलेल्या प्राण्यांची संख्या मोठी दिसते, आणि रानात काहीही बदललेले नसते.

आता अँगलसी बेटाचे पाहू. वेल्सच्या वायव्येला, मेनाय सामुद्रधुनीपलीकडे हे बेट आहे. मुख्य भूमीशी त्याला जोडणारे फक्त दोन पूल. १९९८ मध्ये तिथे काम सुरू झाले तेव्हा बेटावर तांबड्या खारी चाळीसच्या आसपास उरल्या होत्या आणि करड्या हजारोंनी होत्या. एकेक रान घेऊन, पिंजऱ्यात सापडलेली तांबडी खार सोडून देत आणि करडी काढत हे काम सतरा वर्षे चालले. २०१५ मध्ये बेट करडीमुक्त जाहीर झाले. आज तिथे सातशेच्या वर तांबड्या खारी आहेत, आणि करड्यांची संख्या घटत गेली तसा त्यांच्यातला विषाणूही विरत गेला. आधीच्या योजनेशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. इथे हद्द ठरलेली होती, शेवट ठरलेला होता, आणि शेवटची खार निघेपर्यंत पैसा आणि माणसे टिकवण्याची तयारी होती. दहा वर्षे काम करून नव्वद टक्क्यांवर थांबले असते, तर तोवर मारलेली प्रत्येक खार फुकट गेली असती. हेही सांगितले पाहिजे की पूल अजून आहेत. खार पूल ओलांडते, पोहतेसुद्धा. म्हणून पलीकडच्या ग्वीनेथ भागातही पाळत आणि पिंजरे ठेवावे लागतात. पण हे काम वर्षाकाठी थोड्या खारींचे आहे, हजारोंचे नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे: खारीचा काय गुन्हा? तिला आणले माणसाने, आणि शिक्षा मात्र तिला. हा आक्षेप मी हलका मानत नाही. गुन्हा खारीचा नाहीच. पण गुन्हा नाही म्हणून हात लावू नये असे ठरवले तर काय होते, हे इटलीत दिसले. १९४८ मध्ये तुरीनजवळ स्तुपिनीजी इथे अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींच्या अवघ्या दोन जोड्या सोडल्या होत्या. पन्नास वर्षांनंतरही त्यांचा विस्तार पिएमाँतेच्या एका मर्यादित भागात होता. १९९७ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव संस्था आणि तुरीन विद्यापीठाने राक्कोनीजीच्या बागेत त्या काढून टाकण्याचा प्रयोग सुरू केला. प्राण्यांना भूल देऊन वेदनेविना मारण्याची काळजी घेतली होती. प्राणीहक्क संघटना न्यायालयात गेल्या, काम थांबले, जबाबदार अधिकाऱ्यांवर खटला चालला. २००० मध्ये वरच्या न्यायालयात ते निर्दोष सुटले, पण तोवर खारी इतक्या पसरल्या होत्या की त्या भागातून त्यांना पूर्ण काढण्याची शक्यता संपली होती. ज्यांनी खटला भरला त्यांच्या मनात खारींबद्दल खरी कळकळ होती, यात मला शंका नाही. तरीही त्या तीन वर्षांनी तेव्हा संपवता आले असते ते काम हाताबाहेर नेले, आणि आल्प्सच्या बाजूच्या तांबड्या खारींचा धोका वाढवला. दया करायची तर ती लवकर करावी लागते.

दुसरा आक्षेप असा की निसर्ग बदलतच असतो. दीडशे वर्षे राहिलेला प्राणी आता तिथलाच समजावा. काळाच्या मोजपट्टीवर हे पटण्यासारखे वाटते. पण परका कोण हे किती वर्षे झाली यावर ठरत नाही. नव्या जागी तो काय करतो यावर ठरते. आपल्या अंगणातली पाच पट्ट्यांची खारच पाहा. सेतू बांधताना रामाने पाठीवर बोटे फिरवलेली म्हणून आपण तिच्याकडे मायेने बघतो. हीच खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर गेली, आणि आजही तिथल्या आसपासच्या उपनगरांत आहे. सव्वाशे वर्षांत ती फार लांब गेलेली नाही. करडी खार ब्रिटनमध्ये त्याहून थोडीच आधी आली आणि देशाच्या मोठ्या भागात पसरली. वर ती मे ते जुलै या काळात बीच, ओक, सिकॅमोरच्या दहा ते चाळीस वर्षांच्या झाडांची साल दातांनी सोलते, आतल्या गोड थरासाठी. सगळ्या बाजूंनी साल निघालेले झाड वरून वाळत जाते. नवी रानपट्टी लावणारा शेतकरी मग ओक लावायचेच टाळतो. दोन्ही खारी परक्याच, पण त्यांच्यासाठी एकच धोरण ठेवण्यात अर्थ नाही.

माणसाने पिंजरा न लावताही एक उपाय निघालेला आहे. पाइन मार्टेन हा मांजराएवढा, झाडांवर चढणारा शिकारी प्राणी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये माणसाने जवळजवळ संपवला होता. संरक्षण मिळाल्यावर तो आयर्लंडच्या मध्य भागात परत वाढला, आणि तिथल्या करड्या खारींची संख्या कोसळली, तांबड्या परतल्या. याचे कारण असे दिसते की तांबडी खार मार्टेनसोबत हजारो वर्षे राहिली आहे. त्याचा वास आला की ती सावध होते. करडीला तो वास ओळखता येत नाही. २०१५ पासून वेल्समध्ये स्कॉटलंडमधले मार्टेन आणून सोडले गेले, त्यामागे ही आशाही होती. मात्र मार्टेनला सलग रान लागते, शहर तो टाळतो. त्यामुळे जिथे मार्टेन जातो तिथे करडी मागे सरते, आणि शहरांच्या बागा तिचा आसरा होतात.

म्हणजे शेवटी आपण शहरात येऊन पोचतो. लंडनच्या हाइड पार्कमधली करडी खार काढून टाकता येणार नाही. ती काढली तर आजूबाजूच्या हजार बागांतून दुसरी येईल. कित्येक मुलांसाठी तो हाताच्या अंतरावर दिसणारा एकमेव सस्तन प्राणी आहे. तिथे ती राहणार, हे मान्य करून धोरण आखावे. पकडून दूर नेऊन सोडणे हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग. जुन्नर भागात २००० नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्याऐवजी वाढले, हे आपल्याकडच्या अभ्यासाने दाखवले आहे. ब्रिटनमध्ये तर पकडलेली करडी खार परत सोडणे कायद्यानेच मना आहे. नसबंदी हा मार्ग जेनोव्हाच्या नेर्वी बागेत वापरला गेला: खारी पकडून शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या शहरी बागांत सोडल्या. लोकांना हे पटले, कारण त्यात मरण नव्हते. पण खर्च आणि कष्ट पाहता ते एखाद्या बागेपुरतेच शक्य आहे. म्हणून ब्रिटनचे सरकारी शास्त्रज्ञ पोटातून द्यायच्या गर्भनिरोधकावर काम करत आहेत. त्यासाठीच्या डब्याचे दार वजनावर उघडते: करडीच्या वजनाने ते ढकलले जाते, हलक्या तांबडीने ढकलले जात नाही. हे साधले तर मार्टेन न पोचणाऱ्या शहरांसाठी तो खरा मार्ग ठरेल, आणि वर्षानुवर्षे चालवावा लागला तरी त्यात मारणे नसेल.

तोवर शहरातल्या घरमालकाच्या हातात जे आहे ते साधे आहे. पक्ष्यांसाठी टांगलेले शेंगदाणे जाळीच्या आत ठेवावेत. तांबड्या खारींच्या प्रदेशालगत राहणाऱ्याने साथ दिसताच दाणे घालणे पूर्ण बंद करावे, कारण एकाच भांड्यावर तोंड लावण्यातून विषाणू पसरतो. पोटमाळ्यात करडीने घर केले असेल तर आत पिल्ले आहेत का हे आधी बघावे. वर्षातले दुसरे बाळंतपण उन्हाळ्यात होते, त्यामुळे पिल्ले बाहेर पडल्यावर शरदात छपराची फट धातूच्या जाळीने बुजवणे सर्वांत सोयीचे. लाकडी फळी ती पुन्हा कुरतडते.