विश्लेषण : फॉन्टमधली चिनी-जपानी अक्षरे 'गायब' का होतात?

चिनी किंवा जपानी फॉन्ट संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की काही अक्षरे दिसतच नाहीत. काही वेळा ती दिसतात, पण फॉन्ट जतन करून वापरला की पडद्यावर त्यांच्या जागी रिकामी चौकट उरते. या चौकटीला गमतीने 'टोफू' म्हणतात. गुगलच्या 'नोटो' फॉन्टचे नावही 'नो टोफू'वरूनच आले. मग अक्षरे जातात कुठे? बहुतेक वेळा कुठेच नाही. ती फाइलमध्येच असतात, हरवतो तो त्यांचा पत्ता.

पत्ता म्हणजे काय?

फॉन्टमध्ये अक्षरांची चित्रे साठवलेली असतात आणि प्रत्येक चित्राला अंतर्गत अनुक्रमांक असतो. कोणत्या युनिकोड क्रमांकासाठी कोणते चित्र दाखवायचे, हे वेगळ्या तक्त्यात लिहिलेले असते. मात्र प्रत्येक चित्राला स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो. जपानमध्ये २०१९ साली 'रेइवा' कालखंड सुरू झाला. त्याच्या जोडचिन्हासाठी युनिकोडने एकच क्रमांक दिला, पण अ‍ॅडोबीच्या जपानी अक्षरसंचात चित्रे दोन वाढली : एक आडव्या, दुसरे उभ्या मजकुरासाठी. मराठीतही तसेच आहे. 'दुसऱ्या' शब्दातल्या अर्ध्या 'र'च्या कमानदार खुणेला वेगळा क्रमांक नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ती का दिसत नाहीत?

चौकटींचा तक्ता युनिकोडच्या क्रमाने लावलेला असेल, तर बिनक्रमांकाची चित्रे शेवटी ढकलली जातात किंवा त्या दृश्यात येतच नाहीत. शिवाय मोठे पूर्व आशियाई फॉन्ट अनेकदा उपफॉन्टांत विभागलेले असतात. फॉन्टफोर्जसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी त्यातला एकच भाग समोर येतो. नवख्या माणसाला वाटते, फॉन्टच अर्धवट आहे!

खरे नुकसान केव्हा होते?

फॉन्ट जतन करताना. जुन्या प्रकारचा तक्ता युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ क्रमांकांपुरताच असतो. २००१ मध्ये युनिकोडमध्ये एकदम ४२,७११ दुर्मीळ चिनी अक्षरे आली, ती या मर्यादेपलीकडची. फॉन्ट फक्त जुन्या तक्त्यासह जतन झाला, तर त्यांची चित्रे शाबूत राहूनही वापरता येत नाहीत. जपानी आडनावांची अडचण अधिक नाजूक आहे. 'वातानाबे'मधला 'बे' अनेक रूपांत लिहिला जातो आणि कुटुंबे आपले रूप जपतात. यातली बरीच रूपे मूळ अक्षरापुढे एक अदृश्य खूणक्रमांक जोडून मिळतात. या जोड्यांची नोंद संपादनात गळाली, तर टोफूही दिसत नाही. आडनाव मुकाट्याने नेहमीच्या रूपात छापले जाते. चूक लक्षात येत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

यादीतच अक्षर नसेल तर?

पूर्वी हेही झाले आहे, आणि थेट पंतप्रधानांच्या बाबतीत. चीनच्या १९८०च्या संगणकीय मानकात ६,७६३ चिनी अक्षरे होती, पण १९९८ ते २००३ या काळात पंतप्रधान असलेल्या झू रोंगजी यांच्या नावातले 'रोंग' नव्हते. त्यामुळे अनेकदा तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या अक्षरावर भागवले जाई. त्यात डावीकडच्या 'धातू'च्या खुणेच्या जागी 'आग' असे. तैवानचे तत्कालीन पंतप्रधान यू शी-कुन यांच्या नावातले 'कुन' तिथल्या 'बिग फाइव्ह' संकेतप्रणालीत नव्हते. माध्यमे त्याचे तीन तुकडे करून लिहीत : चौकोन, चौकोन, माती. जिथे पंतप्रधानांची ही गत, तिथे बँकेच्या रांगेतल्या सामान्य माणसाचे काय झाले असेल!

सगळी अक्षरे एकाच फॉन्टमध्ये का घालत नाहीत?

कारण मावत नाहीत. प्रचलित रचनेत एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ चित्रे बसतात. अ‍ॅडोबी आणि गुगलने २०१४ मध्ये आणलेला चिनी-जपानी-कोरियन फॉन्ट या मर्यादेला टेकला. युनिकोडमध्ये मात्र अशी अक्षरे ९७ हजारांहून अधिक आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या चीनच्या नव्या मानकातच ८७,८८७ चिनी अक्षरे आहेत. ती सगळी हवी असतील, तर एकाहून अधिक फाइली लागतातच.

संपादन करणाऱ्याने काय तपासावे?

जतन करण्यापूर्वीची आणि नंतरची चित्रसंख्या ताडून पाहावी. पण संख्या जुळली तरी पत्ता हरवलेला असू शकतो. म्हणून एखादे दुर्मीळ अक्षर, एक उभी ओळ आणि 'वातानाबे'ची दोन-तीन रूपे नव्या फॉन्टमध्ये प्रत्यक्ष टाइप करून पाहावीत. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवावी.