मोडीचा भाव, मातीचा भाव

दिवाळी जवळ आली की मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात माळ्यावरची भांडी अंगणात येतात. चिंच आणि राख लावून ती लखलखीत घासली जातात. बूड गेलेली बटलोई, कड फाटलेला गुंड, चेपलेली परात बाजूला निघते आणि मोडीत जाते. भंडारा हे पितळी भांड्यांचे शहर. इथल्या माणसाला पितळेची पारख शिकवावी लागत नाही. पण मोडीच्या काट्यावर फक्त वजन होते. तो गुंड कोणाच्या लग्नातला, कोणत्या कासाराच्या हातचा, कोणत्या घरात वापरलेला, हे काटा विचारत नाही.

प्राचीन धातूकाम आणि दागिने जमवण्याच्या छंदातही खरा झगडा नेमका इथेच आहे. युरोपातले केल्टिक सोन्याचे गळ्यातले कडे असो की रोमन कांस्याची मूर्ती, वस्तू कुठे सापडली, कशाशेजारी सापडली, किती खोलीवर होती, ही माहिती गेली की उरतो तो फक्त धातू आणि थोडी कारागिरी. हा धडा समजून घ्यायला लंडन किंवा रोम गाठण्याची गरज नाही. केल्टांचे नाव आणि रोमचा माल, दोन्ही महाराष्ट्राच्या मातीशी जोडले गेले आहेत. त्यातला एक धागा तर नागपूरच्या आसपासच सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात दख्खनमधल्या दफनांभोवतीची दगडी वर्तुळे पाहून इंग्रज अधिकाऱ्यांना थेट आपल्या बेटांवरची स्मारके आठवली. निजामाच्या चाकरीत असलेला आणि सुरपूरला बरीच वर्षे काढलेला फिलिप मेडोज टेलर याने या दफनांवर लिहिताना त्यांना ‘केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन’ अशी नावे दिली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनाही या वर्तुळांचे वेड होते. 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांच्यामागे त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. पुढे रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळे उकरली. तिथल्या दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्या आणि ब्रिटनमधल्या दगडांवरच्या खळग्या यांत त्याला साम्य दिसले. विदर्भातल्या अशा दफनांत सापडलेल्या वस्तूंतला काही भाग त्या काळात ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला.

आज या दफनांचा केल्टांशी संबंध कोणी जोडत नाही. पण काळाचा मेळ मात्र विलक्षण आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या मिठाच्या खाणीच्या गावात 1846 ते 1863 या काळात योहान गेऑर्ग रामसाउअर या खाण-अधिकाऱ्याने सुमारे 980 थडगी उकरली. केल्टांच्या पूर्वकाळाला त्या गावावरूनच नाव पडले. तो काळ साधारण इ. स. पू. 800 ते 450. विदर्भातली लोहयुगीन दगडी वर्तुळेही त्याच शतकांतली. दोन्हीकडे लोखंडाची हत्यारे, तांब्या-कांस्याचे दागिने आणि मृताबरोबर ठेवलेला ऐवज. फरक पडला तो खोदणाऱ्यांच्या सवयीत. रामसाउअरने थडग्यांच्या मांडणीची जलरंगातली चित्रे करून घेतली: सांगाडा कसा पडला होता, कडे कोणत्या हातात होते, भांडे पायाशी होते की डोक्याशी. ज्या वर्षी हिस्लॉप बोरीला बुडाले त्याच वर्षी तिकडचे हे काम थांबले. रामसाउअरच्या नोंदींवर आजही संशोधन चालते. विदर्भातल्या त्या पहिल्या खोदकामांतून मात्र वस्तू मिळाल्या आणि त्यांच्या जागा बऱ्याच अंशी हरवल्या.

ही उणीव भरून निघायला शंभरेक वर्षे गेली. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने 1970 च्या सुमारास नागपूरजवळच्या माहुरझरीला पद्धतशीर उत्खनन केले. तिथे माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले. घोड्याच्या तोंडात लोखंडी लगाम आणि चेहऱ्यावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता. तांब्याची मूठ असलेली लोखंडी कट्यार होती. आणि तांब्याची झाकणे होती, ज्यांच्या मुठीवर पक्षी बसवले आहेत. झाकण उचलायला बोटांची चिमूट जिथे धरायची, तिथेच कारागिराने पक्षी बसवला. रोजच्या हाताळणीच्या जागी त्याने आपली सगळी हौस ओतली. हा साज घोड्याच्या डोक्यावरच सापडला म्हणून तो साज आहे हे ठरले. तोच पत्रा एखाद्या भंगारवाल्याच्या पोत्यातून मिळाला असता तर चेपलेले तांबे यापलीकडे त्याला नाव मिळाले नसते.

भंडारा जिल्ह्याने या कथेत स्वतःची भर घातली आहे ती पवनीच्या रूपाने. वैनगंगेच्या काठच्या या गावात 1969-70 साली देव आणि ज. प. जोशी यांनी नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने उत्खनन केले आणि बौद्ध स्तूपांचे मोठे केंद्र उजेडात आणले. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभही पवनीचाच. म्हणजे पश्चिमेकडे समुद्रापर्यंत धागे असलेल्या क्षत्रप राजांचे नाव वैनगंगेच्या काठावरही कोरले गेले होते.

त्या समुद्रापलीकडे रोम होते.

रोमचा माल महाराष्ट्रात कसा उतरला, याचे सर्वांत देखणे उदाहरण कोल्हापूरचे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तिथे 1944-45 च्या सुमारास सातवाहनकालीन वस्तीत कांस्याच्या वस्तूंचा एक मोठा साठा सापडला. पाठोपाठ ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने तिथे उत्खनन केले. त्याचा अहवाल 1952 मध्ये आला. या साठ्यात भारतीय आणि रोमन माल एकत्र होता. हत्ती आणि त्यावरचे स्वार ही इथली कला. त्याच्याच शेजारी समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली मूर्ती, रोमन घडणीची सुरई, आरसा, आणि पर्सियस-अँड्रोमेडाच्या ग्रीक कथेचे चित्र असलेली गोल चकती.

पोसायडनची ही मूर्ती जवळून पाहण्यासारखी आहे. नग्न, दाढीधारी देव एक पाय किंचित उचलून उभा आहे. हातातला त्रिशूळ केव्हाच गळून पडला, पण बोटांची पकड अजून तशीच आहे. ग्रीक शिल्पकार लिसिपस याच्या परंपरेतल्या मोठ्या मूर्तीची ही छोटी आवृत्ती, असे अभ्यासक मानतात. रोमन घरात ती देवघरात शोभली असती. कोल्हापुरात तिला कोणी काय म्हणून ठेवले असेल? देव म्हणून, शोभेची वस्तू म्हणून, की वितळवायचे कांस्य म्हणून? कार्ल खंडालावाला यांनी 1960 मध्ये आणि रिचर्ड डी प्यूमा यांनी 1991 मध्ये या साठ्यावर सविस्तर लिहिले. त्यांना लिहिता आले याचे कारण हा साठा फुटला नाही. एकत्र सापडला, एकत्र नोंदला गेला आणि आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येतो. पोसायडन एका लिलावात, सुरई दुसऱ्या आणि हत्ती तिसऱ्याच ठिकाणी गेला असता, तर रोमचा देव आणि सातवाहनांचा हत्ती एका घरात नांदत होते हे कोणाला कळले असते?

कांस्य इतक्या लांबून का येत होते, याचे एक कारण रोमन लेखक प्लिनी सांगतो. भारतात तांबे-कांस्य नाही आणि शिसेही नाही, त्यासाठी भारतीय लोक रत्ने आणि मोती देतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. भारतात तांबे होतेच, तेव्हा प्लिनीचे विधान जसेच्या तसे घेता येत नाही; पण धातूला इथे गिऱ्हाईक होते एवढे त्यातून दिसते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशी-व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतही भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील, शिसे, सोन्या-चांदीची नाणी आणि राजासाठी चांदीची उंची भांडी आहेत. त्याच ग्रंथात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर.

तेर म्हटले की संत गोरोबाकाका आठवतात. पण संग्राहकांनी तिथे आणखी एका माणसाला नमस्कार करावा: रामलिंगप्पा लामतुरे. गावच्या पांढरीत, शेतात, पावसाने धुपलेल्या बांधात जे निघेल ते या माणसाने वेचले: मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंत. हजारो वस्तू जमल्या. त्यांनी त्या परदेशी गिऱ्हाइकाला विकल्या नाहीत, मुंबईच्या दलालाकडेही दिल्या नाहीत. तो संग्रह गावातच राहिला आणि त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्येच उभे आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची जवळची बहीण मानली जाते. पाँपेईची मूर्ती इ. स. 79 च्या ज्वालामुखीत गाडली गेली, म्हणून तेरच्या मूर्तीचा काळ ठरवायलाही मदत झाली.

दागिन्यांच्या शोधात असणाऱ्याने तेरमधल्या मातीच्या चकत्याही पाहाव्यात. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्याची ही मातीतली नक्कल. वर दोरा ओवायला कडी. खरे सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने रोमच्या सम्राटाचा मुखवटा मातीत घडवून गळ्यात घातला. तेलंगणातल्या कोंडापूरलाही अशाच चकत्या सापडल्या आहेत. रोमन दागिन्यांच्या बाजारात या मातीच्या पदकाला कवडीची किंमत मिळणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या सामान्य माणसाची आवड मात्र याच वस्तूत दिसते.

आता कायद्याकडे वळू, कारण शेतात नांगराला काही लागले की पहिला प्रश्न तोच असतो. भारतात अजून 1878 चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर ज्याला सापडला त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे: काय सापडले, किती, कुठे, कधी. लपवले तर तुरुंगवासाची तरतूद आहे. सरकारला तो ऐवज हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन तो घेता येतो. इथे दीडशे वर्षे जुनी चूक आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी: कायदाही शेवटी वस्तू मोडीच्याच काट्यावर घालतो. कांस्याच्या पोसायडनचे कांस्य किती रुपयांचे? अशा हिशेबाने शेतकरी सरकारदारी जाण्याऐवजी सोनाराकडे गेला तर नवल नाही. पुढे 1972 चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीला परवाना लागू झाला आणि खासगी निर्यात बंद झाली. त्याने चोरवाटा काही अंशी रोखल्या, ज्याला वस्तू सापडते त्याच्या मनातली भीती मात्र गेली नाही.

इंग्लंडमधल्या हॉक्सनचा दाखला इथे उपयोगी पडतो. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज धातुशोधक यंत्र घेऊन आला आणि त्याला नाणी लागली. काही वस्तू बाहेर काढल्यावर लॉज थांबला आणि त्यांनी पुरातत्त्व खात्याला कळवले. त्यामुळे ऐवजाची पेटी मातीत जशी होती तशी अभ्यासकांना उकलता आली. 14,865 रोमन नाणी, सोन्याची साखळी, बांगड्या, चांदीचे चमचे आणि मिऱ्यांची चांदीची भांडी निघाली. रोमन साम्राज्याच्या त्या टोकाला, ब्रिटनच्या थंडीत, भारतातून गेलेल्या मिऱ्यांसाठी चांदीत बाईचा अर्धपुतळा घडवला गेला होता! या ऐवजाचे मोल 17.5 लाख पौंड ठरले आणि ते लॉज व शेतकरी यांच्यात वाटले गेले. बाजारभावाने मोबदला मिळाला म्हणून प्रामाणिकपणा परवडला. त्या शेतकऱ्याचा हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

खऱ्या-खोट्याची पारखही सापडण्याच्या जागेशी बांधलेली असते. ‘रोमन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत नकलांचा सुळसुळाट आहे. हिरवा गंज रसायनांनी एका रात्रीत चढवता येतो. भंडाऱ्याच्या वाचकाला इथे घरचीच एक खूण उपयोगी पडेल. रोमन पितळ तांब्याबरोबर जस्ताचे खनिज घालून, बंद मुशीत भाजून होत असे. या रीतीने पितळात जस्त साधारण 28 टक्क्यांपलीकडे चढत नाही. शुद्ध जस्त मिसळून केलेल्या पितळात ते याहून जास्त असू शकते. म्हणून तपासणीत 35 टक्के जस्त निघाले तर ती वस्तू रोमन नाही, मग विकणारा कितीही शपथा घेवो.

भंडारा जिल्ह्यात तिलोता खैरीपासून पवनीपर्यंत जमिनीखाली अजून बरेच आहे. नांगराच्या फाळाला तांबे-कांस्य लागले तर आधी थांबावे. ते चिंचेने घासू नये, कारण त्यावरच्या हिरव्या थरातही त्याच्या जुनेपणाच्या खुणा असतात. चुरा पडत असेल तर कोरड्या कागदात गुंडाळावे. मोबाइलवर जागेचा फोटो काढावा, विहिरीपासून किंवा बांधापासून अंतर लिहून ठेवावे आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. करडीच्या शिवारात उद्या काही सापडले, तर त्याचा पहिला कागद गावातच तयार व्हावा, ही करडीकरांना विनंती.