फोर व्हील पिकअप घ्यायची? आधी चिखलाचे दिवस मोजा



सोयाबीन काढणीत पाऊस झाला की दरवर्षी तीच गत. माल रानात, पिकअप डांबरीवर, आणि मधला एक-दीड किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता गाडी आत येऊ देत नाही. मग वाटतं, आता फोर व्हील ड्राइव्हच घ्यावी. काहींना ती खरंच परवडते, पण बऱ्याच जणांना परवडत नाही. आपण कुठल्या बाजूला आहोत, हे कागदावर पाच मिनिटांत कळतं.

*फोर व्हील म्हणजे काय?*
साध्या पिकअपमध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर व्हीलमध्ये ट्रान्सफर केस नावाची जादा पेटी असते, ती पुढच्या चाकांनाही ताकद देते. बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा या गाड्या दोन्ही प्रकारांत आलेल्या आहेत. आज कोणतं मॉडेल मिळतंय ते शोरूमला विचारा.

बहुतेक कामाच्या गाड्यांत तीन जागा असतात:
▪️ टू एच – फक्त मागची चाकं. डांबरी रस्त्यासाठी.
▪️ फोर एच – चारही चाकं. ओला, निसरडा रस्ता.
▪️ फोर एल – चारही चाकं, वेग कमी, ताकद जास्त. चिखलातून भरलेली गाडी काढायला.

⚠️ *डांबरीवर आलात की लगेच टू एच करा.* वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. डांबरीवर चाक घसरत नाही, म्हणून सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. स्टेअरिंग जड होतं, टायर झिजतात, आणि दुरुस्ती महाग पडते.

*डिझेल जास्त का लागतं?*
जादा पेटी, पुढचा शाफ्ट, पुढचं डिफरन्शिअल हे वजन वर्षभर सोबत असतं. चिखलाचे दिवस थोडे असले तरी वजन ३६५ दिवस ओढावं लागतं.

*हिशोब कसा मांडायचा?*
खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेत. तुम्ही तुमचे कोटेशन आणि तुमचा ॲव्हरेज घाला.

वर्षाला १५,००० कि.मी. फिरणं, डिझेल ९० रु. लिटर:
▪️ साधी गाडी, ॲव्हरेज १४: १,०७१ लिटर
▪️ फोर व्हील, ॲव्हरेज १२.५: १,२०० लिटर
▪️ जादा १२९ लिटर = सुमारे ११,६०० रु.
▪️ किमतीतला फरक १ लाख, ८ वर्षांत वाटला तर १२,५०० रु.
▪️ त्यावरचं व्याज आणि विमा ५,००० रु.
▪️ जादा ऑइल, टायर, किरकोळ काम ४,००० रु.
👉 *वर्षाचा जादा खर्च सुमारे ३३,१०० रु.*

आता दुसरी बाजू. चिखलात रानातून रस्त्यापर्यंत माल काढायला ट्रॅक्टर सांगितला तर एका फेरीला समजा १,५०० रु. जातात. ३३,१०० ला १,५०० ने भागा, उत्तर येतं २२. म्हणजे वर्षात अशा *२२ फेऱ्यांपेक्षा कमी* अडत असाल, तर साधी पिकअप आणि भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त. जास्त अडत असाल तर फोर व्हील.

ट्रॅक्टर वेळेवर मिळाला नाही आणि सोयाबीन भिजलं, तर ते नुकसानही धरा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की दराला कात्री लागते. दहा क्विंटलला ३०० रु.प्रमाणे दर पडला तर ३,००० गेले, म्हणजे दोन फेऱ्या.

*पीक आणि काम बघा*
▪️ द्राक्षं काढायला येतात उन्हाळ्याच्या तोंडाला. रस्ता कोरडा असतो, फोर व्हीलचा उपयोग नाही.
▪️ ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीत जातो, तिथंही नाही.
▪️ सोयाबीन, खरीप कांदा: अडचण असते, पण थोडेच दिवस.
▪️ पावसाळाभर रोज वस्तीवरून दूध उचलायचं असेल: इथं फोर व्हील पैसे वसूल करते.

*एक गैरसमज*
फोर व्हील आहे म्हणून कुठूनही निघेल, असं नाही. आपली काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकं जागेवर फिरतात. खोल चाकोरीत गाडीचं पोट टेकलं तर तीच गत. ब्रेकही जास्त लागत नाही. उतारावर गाडी साध्या गाडीइतकीच घसरते.

*आधी करून बघण्यासारखं*
✅ मागच्या चाकांना खोल खाचांचे टायर लावा.
✅ रिकाम्या पिकअपचं मागचं वजन हलकं असतं, म्हणून ती लवकर रुतते. जाताना मागे थोडं वजन ठेवा.
✅ रस्त्यात अडचणीची जागा बहुतेक एकच असते. चौघांनी मिळून तिथं मुरूम टाका, पाण्याला बाजूला वाट द्या.
✅ मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली. ग्रामपंचायतीत विचारा, ग्रामसभेत रस्ता सुचवा. एकाच्या गाडीवर लाख रुपये जाण्यापेक्षा रस्ता झाला तर सगळ्यांचाच माल निघतो.

*आता काय करायचं?*
घरातल्या कॅलेंडरवर यंदा ज्या दिवशी गाडी रानात गेली नाही, त्या तारखेला गोल करा. किती फेऱ्या अडल्या तेही लिहा. दिवाळीनंतर मोजा आणि मगच शोरूमला जा. दसरा-दिवाळीच्या ऑफरला भुलून सही करू नका. हप्ता पाच वर्षं आपल्यालाच भरायचा असतो.

एकाच शिवारातल्या तीन-चार सभासदांच्या फेऱ्या मिळून आकडा २२ च्या वर जात असेल, तर एक गाडी मिळून वापरण्याचा विचार करा. तुमचा आकडा गावाच्या नावासह ग्रुपवर टाका, बैठकीत त्यावर बोलू.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, तुळजापूर 🌱