इंडिकेटर घाईत का येतो?

मोटारसायकलचा इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकावा. एकाच बाजूचा भरभर पळू लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब बहुधा गेलेला असतो. 12 व्होल्टवर 10 वॅटचा बल्ब पाऊण अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह घेतो. दिवा लुकलुकवणारा भाग म्हणजे फ्लॅशर; बल्ब जाऊन हा प्रवाह घटला की बरेच इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर वेग वाढवतात. चालकासाठी तो मोलाचा इशारा आहे. तापणाऱ्या पट्टीच्या जुन्या फ्लॅशरमध्ये मात्र उलटं: पट्टी तापायला वेळ लागतो, दिवा संथ होतो किंवा नुसताच जळत राहतो. एलईडीला एक-दोन वॅट पुरतात, म्हणून फ्लॅशर तिथेही फसतो. प्रवाहाची तूट भरून काढायला रेझिस्टर जोडता येतो, पण तो फार तापतो. त्यापेक्षा एलईडीसाठीचाच फ्लॅशर बसवावा. बल्ब शाबूत असेल तर होल्डरमधला गंज पॉलिश पेपरने घासा, अर्थिंगची वायर तपासा.