कॅमेरा मान टाकतो तेव्हा

हौशी ड्रोनवर कॅमेरा थेट पक्का बसवत नाहीत. तो 'गिंबल' नावाच्या छोट्या सांगाड्यात धरलेला असतो. ड्रोन पुढे झुकला किंवा वाऱ्याने कलला तरी कॅमेऱ्याची नजर ढळत नाही, ती या गिंबलमुळे. पण असे ड्रोन हाताळणाऱ्यांना कधी ना कधी एक अनुभव येतो. उड्डाण छान चाललेले असते आणि अचानक कॅमेरा मान टाकतो. काही सेकंदांनी तो कधी आपोआप सावरतो, कधी सावरत नाही. ड्रोन खाली आणून टेबलावर तपासावा, तर गिंबल अगदी शहाण्यासारखा चालतो!

अशा वेळी "मोटर गेली" किंवा "बोर्ड गेले" असा निष्कर्ष चटकन काढला जातो. नवा भाग येतो, बसतो, आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा तेच. शाळेच्या विज्ञान मंडळाला हा खर्च परवडणारा नसतो. शिवाय यंत्रे लहरी असतात, असा मुलांचा समज होतो तो वेगळाच. खरे तर गिंबल मध्येच बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर बहुधा तो बिघडलेला नसतो. त्याला काम करता येऊ नये अशी परिस्थिती तेवढ्यापुरती निर्माण झालेली असते. ती ओळखायला दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र बरेचसे पुरते.

गिंबल काम कसे करतो?

एकात एक फिरणाऱ्या कड्यांची युक्ती फार जुनी आहे. जहाजावरचे होकायंत्र अशाच कड्यांत टांगत. त्याचा तळ जड असल्यामुळे जहाज डोलले तरी ते आडवेच राही. ड्रोनच्या गिंबलमध्ये मात्र तळ जड ठेवत नाहीत. ड्रोन सतत वेग बदलतो, त्यामुळे असा लोलक झोके घेत राहील. म्हणून कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य नेमका फिरण्याच्या अक्षावर आणतात आणि त्याला स्थिर धरण्याचे काम छोट्या मोटरींवर सोपवतात. गिंबलला दोन किंवा तीन अक्ष असतात व प्रत्येक अक्षाला एक मोटर असते.

कॅमेऱ्याजवळ एक संवेदक बसवलेला असतो. त्यातील जायरोस्कोप फिरण्याचा वेग सांगतो, तर त्वरणमापक खालची दिशा सांगतो. नियंत्रक बोर्ड ही माहिती सेकंदाला शेकडो वेळा वाचतो आणि मोटरींना हुकूम देतो. या मोटरी पंख्यासारख्या गरगर फिरत नाहीत, त्या धरून ठेवतात. पाण्याची बादली हात लांब करून नुसती धरली तरी हात भरून येतो, तसेच इथे होते. कॅमेरा स्थिर दिसत असतानाही मोटरींतून विद्युतधारा वाहत असते आणि त्यांची तार तापत असते.

म्हणजे गिंबलला चार गोष्टी लागतात : संतुलन, पुरेसा विद्युतदाब, संवेदकाची खरी माहिती आणि अतिरिक्त उष्णतेपासून सुटका. यांपैकी एक जरी हरवली, तरी नियंत्रक मोटरी बंद करू शकतो.

पहिला प्रश्न : केव्हा?

डॉक्टर "ताप केव्हा येतो?" असे आधी विचारतात, तसेच इथेही विचारावे. सुरू करतानाच गिंबल थरथरला किंवा तिरका राहिला, तर असंतुलन किंवा संवेदकाची चुकलेली शून्यस्थिती असण्याची शक्यता जास्त. ठरावीक कोनातच बंद पडला, तर वाकणारी किंवा आतून तुटलेली वायर तपासावी. आठ-दहा मिनिटांनी बंद पडला, तर मोटर तापत असेल किंवा बॅटरी उतरत असेल. आणि ड्रोन जोरात वर चढवतानाच बंद पडला, तर पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. हे सगळे मुलांनी वहीत लिहून ठेवावे. चार-पाच उड्डाणांच्या नोंदी पुष्कळ बोलतात.

वीज बंद ठेवून करायची तपासणी

गिंबलची वीज बंद करा आणि कॅमेरा बोटाने हळूच वेगवेगळ्या कोनांत ठेवा. ठेवाल तिथे तो थांबला पाहिजे. एका बाजूला घसरत असेल, तर गुरुत्वमध्य अक्षावर नाही. समजा, कॅमेरा १२० ग्रॅमचा आहे आणि गुरुत्वमध्य ५ मिलिमीटर सरकला आहे. मग मोटरीला सतत ०.१२ × ९.८ × ०.००५ म्हणजे सुमारे ०.००६ न्यूटन-मीटर इतके आघूर्ण विनाकारण पेलावे लागेल. आकडा छोटा दिसतो, पण मोटरही छोटीच आहे आणि तिला विश्रांती नाही. भिंगावर नवी काच बसवली किंवा कॅमेरा बदलला, की हे संतुलन बिघडते. जाड, ताठ वायर स्प्रिंगसारखी ओढत असेल तरी मोटरीवर तोच भार पडतो.

रिकाम्या मापनाची फसगत

आता वीजपुरवठ्याकडे वळू. "बॅटरीचा दाब मोजला, बरोबर आहे," असे आपण ऐकतो. पण मोजला केव्हा? टेबलावर, भार नसताना. प्रत्येक बॅटरीला अंतर्गत रोध असतो. बॅटरीच्या टोकांवरचा दाब म्हणजे तिचा मूळ दाब वजा विद्युतधारा व अंतर्गत रोध यांचा गुणाकार. हे सूत्र वर्गात आपण शिकवतोच.

उदाहरण घेऊ. तीन घटांची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. थोडी वापरल्यावर ती ११.४ व्होल्टवर आली आहे असे समजू. बॅटरी जुनी असून तिचा अंतर्गत रोध ०.०८ ओहम आहे. गिंबलच्या नियंत्रकात 'दाब १० व्होल्टच्या खाली गेल्यास मोटरी बंद' अशी मर्यादा घातलेली आहे.

टेबलावर फक्त गिंबल चालतो. तो अर्धा अँपिअर घेतो, दाब केवळ ०.०४ व्होल्टने उतरतो. सारे ठीक! हवेत एका जागी तरंगताना ड्रोन १० अँपिअर घेतो. दाब ०.८ व्होल्टने उतरून १०.६ होतो. अजूनही ठीक. जोरात वर चढताना विद्युतधारा २५ अँपिअर होते. दाब २ व्होल्टने उतरून ९.४ होतो आणि कॅमेरा मान टाकतो. चढणे थांबले की दाब पुन्हा वाढतो आणि गिंबल सावरतो. टेबलावर न सापडणाऱ्या आजाराचे हे कारण आहे.

सैल कनेक्टर किंवा कच्चे सोल्डरही हेच करतात. जोडात ०.०५ ओहमचा रोध असेल, तर २५ अँपिअरला तिथे आणखी सव्वा व्होल्ट गमावला जातो आणि सुमारे ३१ वॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त! उतरल्यावर ड्रोन बंद करून जोड कोमट लागला, तर चोर सापडला असे समजायला हरकत नाही.

खात्री कशी करावी? उड्डाणातील किमान दाबाची नोंद ठेवणारे साधन लावावे. किंवा गिंबलला योग्य दाबाची वेगळी छोटी बॅटरी देऊन मोकळ्या मैदानात कमी उंचीवर उडवून पाहावे. दोष नाहीसा झाला, तर गिंबल निर्दोष आहे. मात्र मर्यादेचा आकडा कमी करून दोष झाकू नये. जुनी बॅटरी बदलणे किंवा जोड नीट करणे हाच उपाय.

संवेदकाचे म्हणणे

प्रोपेलरला टवका गेला असेल, तर कंपने संवेदकापर्यंत पोचतात. तो खोटी हालचाल कळवतो, मोटरी तिच्याशी झुंजतात आणि तापतात. संवेदकाची बारीक वायर मोटरीच्या वायरींना चिकटून नेली असेल, तर संदेशात गोंगाट मिसळतो व नियंत्रक थांबू शकतो. या वायरी शक्य तितक्या दूर ठेवाव्यात. आणखी एक साधी गोष्ट : अनेक गिंबल सुरू होतानाच आपली शून्यस्थिती ठरवतात. तेव्हा ड्रोन सपाट जागी आणि निश्चल असावा, हातात धरलेला नसावा.

दोन पथ्ये

एका वेळी एकच गोष्ट बदला. संतुलन, बॅटरी आणि वायर एकदम बदलली, तर दोष जाईल. पण तो कशाने गेला ते कळणार नाही. दुसरे पथ्य सुरक्षेचे. टेबलावर वीज जोडण्यापूर्वी प्रोपेलर काढलेच पाहिजेत. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नये, भरूही नये.

वर्गात करून पाहा

यातील मुख्य मुद्दा ड्रोनशिवायही दाखवता येतो. एक नवा आणि एक बराच वापरलेला पेन्सिल सेल घ्या. दोघांचा दाब आधी नुसता मोजा, मग टॉर्चचा छोटा दिवा जोडून मोजा. दिवा जोडल्यावर कोणता सेल किती उतरला? मल्टिमीटर विद्युतधारा मोजण्याच्या जागी ठेवून दिव्याशी एकसरीत जोडा आणि धाराही मोजा. आता प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध विद्यार्थ्यांना काढता येईल. मग विचारा : दोन्ही सेल 'चांगले' आहेत असे सांगणारे पहिले मापन खोटे होते, की अपुरे?