शाहू महाराजांच्या हुकमातलं शेवटचं कलम

परवा एका प्रदर्शनात कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटातल्या त्या प्रसिद्ध हुकमाची प्रत पाहिली आणि बराच वेळ तिथून हललोच नाही.

हुकमाची तारीख २६ जुलै १९०२. शाहू महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेलेले. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना द्याव्यात, हे आपण शाळेत वाचतो.

मूळ कागदात त्यापुढचंही आहे. मागासवर्ग म्हणजे कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा! मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. हुकूम काढून महाराज थांबले नाहीत, अंमलबजावणीचा हिशेबही मागितला.

मूळ कागद जसा शेवटपर्यंत वाचावा, तसंच जुन्या फोटोंचंही. मधल्या माणसाइतकंच कडेला पाहा. कोण बसलंय, कोण उभं आहे, मागे कुठली इमारत अर्धी बांधलेली आहे. कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान १९१२ चं, त्यामुळे ते दिसलं की फोटोच्या काळाचा अंदाज येतो. फोटोची मागची बाजूही बघाच, स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच सापडतो.

असे मूळ कागद स्वतः पाहायचे असतील तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानची दप्तरं आहेत. बरीच मोडी लिपीत आहेत, म्हणून आधी मोडी शिका. रोज थोडा सराव केला तर अक्षर लागायला लागतं.

घरात जुनी सनद, दाखला किंवा फोटो असेल तर लॅमिनेट मात्र करू नका. काही विचारायचं असेल तर खाली लिहा, माहीत असेल ते नक्की सांगेन.